जोतिरामच्या पंधरा फेकी

वडगावात आमच्या गल्लीत कोण किती जोरात पळतंय ते मागावर मोजायची रीत हुती. आता हे सांगितलं की कालिजातली पोरं दात काढत्यात. काढू देत. त्यांच्या त्या बटणाच्या घड्याळात असतंय काय, एक काटा फिरतोय न्हवं? आमच्या मागात धोटा फिरत हुता. दोरी ओढली की धोटा ह्या अंगानं त्या अंगाला जातोय, फणी ठोकली की खट्ट करून आवाज येतोय, ती झाली एक फेक. चांगल्या विणकराचा हात एकदा लागला की सकाळधरनं दुपारपत्तोर एकाच चालीनं चालतोय. त्येच्यापरीस बरं घड्याळ आमाला ठाऊक नव्हतं.

गल्ली पाजणीची. लुगड्याचं सूत मागावर चढवायच्या आधी लांबच्या लांब ताणायचं, त्येला खळ लावायची, कुंच्यानं घासून वाळवायचं, ह्यासाठी ती गल्ली सरळ सोट ठेवलेली. मारुतीच्या देवळापासनं आमच्या दारापत्तोर एक वळण न्हाय. सकाळी सूत वाळायचं, आणि सूत उचललं की त्याच मातीत पोरं फुटबॉल खेळायची. क्यांपातल्या गोऱ्या सोजिरांचा खेळ बघून बघून शिकलेली, पायात काय नसताना. त्यांनी क्लब बी काढलता आणि यल्लाप्पा काका त्येचे म्होरके. मॅचच्या आदल्या दिवशी एकेकाला देवळापासनं पळवायचं. तिकडं फडकं पडलं की काका आमच्या दारात उभं ऱ्हाऊन मागाच्या फेकी मोजायचे, पोरगं दाराला शिवलं की मोजणी बंद. बावीस, तेवीस फेकी झाल्या तर बरा पळणारा. पंचवीस झाल्या तर घरी जाऊन झोप म्हणायचे.

माग आमचाच का, तर हात मालूचा. मालू म्हंजे माझी भावजय, मोठ्या भावाची, जोतिरामची बायको. सगळ्या वडगाव-शहापुरात एवढा ठाम हात कुणाचा नव्हता. मी बायाक्का, ह्या घरची थोरली लेक. लहानपणी लगीन झालं, लहानपणीच कपाळ पांढरं झालं, मग माघारी आले ती इथंच ऱ्हायले. आई-बाप गेल्यावर घर माझ्या तोंडानं चालायचं. तोंड माझं तिखट, सगळी म्हणत्यात, मी बी म्हणते. मालूला तर मी उठता-बसता बोलायची. ती मागावर, मी तिच्या शेजारी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला, आणि दिवसभर माझी जीभ चालू. ती कवा उलटून बोलली न्हाय, त्येचा तर मला जास्त राग यायचा.

जोतिरामच्या त्या पंधरा फेकी झाल्या त्या बेळगावात काँग्रेस भरली त्येच्या दोन वर्सं आधी. पलटणीबरोबर मॅच ठरली हुती. अख्खं वडगाव गल्लीत उतरलतं, हलग्या वाजत हुत्या, पोरं कौलांवर चढली हुती. जोतिराम पळायला उभा ऱ्हायला तशी धाकटा सिद्राम हटून बसला, मी बी अण्णाच्या मागनं पळणार. अठरा वर्साचा घोडा, पर भावाची सावली सोडायचा न्हाय. पळू दे म्हणाले काका, मोजायचं जोतिरामचं. दोघं सुटले. जोतिराम म्होरं, सिद्राम मागं. जोतिराम दाराला शिवला आणि काका तिथंच मट्कन खाली बसले. पंधरा.

पंधरा फेकीत देवळापासनं आमचं दार कुणी गाठलं नव्हतं, गाठंल असं कुणाच्या सपनातबी नव्हतं. जोतिरामला उचलून गल्लीत फिरवलं, कुणी गुलाल आणला. तो आपला हसत हुता, मला कळलं सुदीक न्हाय म्हणत हुता. दुसऱ्या दिवशी मॅच हरली. पर मॅच सगळे विसरले आणि पंधरा फेकी कुणी विसरलं न्हाय.

त्याच थंडीत उंदरं पडायला लागली. पलेग. गल्ली रिकामी करून आमी सगळे येळ्ळूरच्या बाजूच्या माळावर झोपड्या घालून ऱ्हायलो. तिथं जोतिरामच्या काखेत गाठ आली आणि चार दिवसांत माझा भाऊ गेला. पायात एवढा वेग असलेला माणूस, पर शेवटी त्येला झोपडीच्या दारापत्तोर उठता आलं न्हाय. मी त्या दिवशी देवाला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं न्हाय.

माघारी आलो. मालू मागावर बसायला लागली, तिचा हात पहिल्यासारखाच चालायला लागला. लोकांना लई नवल वाटलं. मला राग आला. नवरा जाऊन म्हैना न्हाय झाला आणि हिचा ठेका चुकत न्हाय, असं मी तिला तोंडावर बोलले. तिनं मान खाली घातली आणि धोटा फेकला.

वर्सश्राद्ध झालं आणि सिद्राम पळायला लागला. मॅच नसताना, कुणी म्हणलं नसताना. दुपारी जेवणं झाली, गल्ली सामसूम झाली, की हा देवळाकडं जायचा आणि तिथनं सुटायचा. काका दारात ओट्यावर पडलेले असायचे, त्यांना उठवून मोजायला लावायचा. एकवीस. दुसऱ्या दिवशी एकवीस. चौथ्या-पाचव्या दिवशी कवातरी वीस. काका म्हणायचे, लई झालं की रं, क्लबात तुझ्याएवढा कोण पळतोय आता? तो घाम पुसत परत देवळाकडं चालायला लागायचा.

पहिल्यांदा मला कोंबड्यांनी सांगितलं. शेजारणीच्या कोंबड्या दुपारच्या गल्लीत दाणं टिपत असायच्या. सिद्राम अजून लांब असायचा, आणि त्या फडफडत बाजूला व्हायच्या. मधे रस्ता मोकळा. मग परत टिपायला यायच्या, तवर सिद्राम यायचा, आणि परत बाजूला व्हायच्या. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. म्हटलं कोंबड्यांचं काय मनावर घ्यायचं. पर एक दिवस मी कांडी भरत बसले असताना पावलं ऐकली. जोरात येणारी, उघड्या पायांची, आमच्या दाराशी येऊन थांबलेली. मी मान वर करून म्हटलं, आलास व्हय. दारात कोण नव्हतं. मग मागनं दुसरी पावलं आली आणि सिद्राम दाराला शिवला. मालूकडं बघितलं तर तिचा धोटा चालूच हुता.

त्या सांजेला मी सिद्रामला धरलं. ताटावर बसवलं आणि इचारलं, खरं सांग, गल्लीत काय हाय? त्येनं भाकरी चिवडली आणि साधं सांगितलं, पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं.

"अण्णा म्होरं असतोय आक्का. हात लांब केला तर त्येच्या बंडीला लागंल एवढ्यावर असतोय. पर लागत न्हाय. त्या दिवशी बी असंच झालतं. मी जीव तोडून पळत हुतो, आणि त्येला शिवायला मिळालं न्हाय."

"मग पळू नको."

"एकदा गाठतो आणि सोडतो. पंधरा झाल्या की मी त्येच्या बरोबरीला येतोय. त्येला माझ्यासंगं एवढंच बोलायचं असंल."

मी दहीभात उतरून टाकला. शनवारी मारुतीला तेल घातलं, सौंदत्तीच्या आईला नवस बोलले, मिरच्या जाळल्या तर सगळं घर खोकत बसलं. दुपार झाली की पावलं यायची ती यायचीच.

असं चाललं असताना उपेंद्र मास्तर आले. बेळगावातल्या जुन्या घरातला माणूस, हायस्कुलात शिकवायचे, सायकलवर यायचे, अंगात कोट. त्यांना एक नाद लागला हुता. फुटबॉल खेळणारा जास्त पळतो, का शर्यतीत पळणारा, का हुतूतूवाला, हे त्यांना मोजून बघायचं हुतं. क्यांपाच्या मैदानावर त्यांनी हाकीवाले मोजले हुते, गोरे मोजले हुते, तालमीतला एक पैलवान सुदीक पळवला हुता बिचारा. वडगावात कुणीतरी पंधरा फेकीत पळालता हे त्यांच्या कानावर गेलतं. येताना संगं दोघांना घेऊन आले. एक रवळू, मराठा पलटणीतला जवान, परेडच्या शर्यतीत पहिला येणारा, आणि दुसरा मष्णू म्हणून हुतूतूचा गडी.

माणूस वाईट नव्हता. आमच्या मागाला हसला न्हाय. उलट म्हणाला, दोन्हींवर मोजू, तुमच्या फेकींवर आणि माझ्या घड्याळावर, म्हणजे दोन्हींचा मेळ लागेल. सकाळची वेळ, सूत उचललेलं, गल्ली भरलेली. मालू मागावर बसली. रवळू पळाला, एकोणीस. मष्णू पळाला, तेवीस. आमचा सिद्राम एकवीस. मास्तर प्रत्येकाला बटण दाबायचे आणि काट्याकडं बघून मान हलवायचे.

मग ओट्यावर बसून त्यांनी आमाला समजावून सांगितलं. "सरळ रस्त्यावर शर्यतवाला पुढे जाणार. पण पहिल्या आठ-दहा पावलांत तुमचा सिद्राम रवळूच्या पुढे होता, पाहिलंत का? फुटबॉलवाल्याला मैदानात सरळ पळायला मिळतंच कुठे? सुटायचं, थांबायचं, वळायचं, परत सुटायचं. त्याचा वेग त्या सुटण्यात असतो. सिद्राम उत्तम खेळाडू आहे."

सिद्रामनं इचारलं, "आणि पंधरा?"

मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब केला, परत केला. "आजचा मेळ धरला तर पंधरा फेकींत हे अंतर कुणालाच तोडता येणार नाही. विलायतेतल्या पहिल्या नंबरच्या पळणाऱ्यालाही नाही. त्या दिवशी मागावरचा हात हळू पडला असणार, दुसरं काय."

बस्स. गल्लीचं रगत तापलं. जोतिरामला काय म्हणाले असते तर कदाचित चाललं असतं. विणकराच्या हाताला म्हणाले. काका उठून उभे ऱ्हायले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी पाव्हणे. पर पळणाऱ्याचे पाय खोटं बोलतील, मालूचा हात न्हाय. चाळीस वर्सं मी माग ऐकतोय." मी बी बाहेर आले. म्हटलं, तुमचं घड्याळ काल दुकानातनं आलंय, आमचा हात आज्ज्या-पणज्यापासनं चालत आलाय, तोंड सांभाळून बोला. मास्तर बिचारे गोरेमोरे झाले, माफी मागितली, च्या घेतला आणि सायकलवर बसून गेले. आतला माग तवर बंद पडला हुता. मालू नुसती बसली हुती, हात मांडीवर. मला वाटलं अपमान लागला तिला.

हात खोटा न्हाय म्हटल्यावर मग ऱ्हायलं काय? मास्तरांनी सांगितलं हुतं की माणूस एवढा पळू शकत न्हाय. गल्लीनं दोन्ही धरलं. हात खरा आणि पंधरा बी खऱ्या, म्हंजे जोतिरामच साधा माणूस नव्हता. त्येच्या अंगात त्या दिवशी काहीतरी आलतं, म्हणून तर त्येला लवकर नेलं. आठ दिवसांत आमच्या दाराशी कुणी नारळ फोडून गेलं. बाया पोरांना गल्लीच्या मधनं चालू देईनात, कडेनं चल म्हणायच्या, मधनं जोतिराम जातोय. आणि सिद्रामनं ऐकलं, आणि त्येला कळलं ते एवढंच, की अजून जोर लावायला पायजे.

मॅच खेळायचं त्येनं सोडलं. माग सोडला. दोन वेळचं जेवण एक वेळेवर आलं. गाल बसले, डोळे मोठे झाले. पळून आला की खोकायचा, आणि एक दिवस धुवायला टाकलेल्या त्येच्या रुमालावर मला रगताचा डाग दिसला. वैद्याला घरी आणलं. त्येनं छातीला कान लावला, नाडी बघितली, आणि मला परसात नेऊन सांगितलं, पळणं बंद, न्हायतर हे पोरगं म्होरला पावसाळा बघणार न्हाय. मी सिद्रामच्या पाया पडले. धाकट्या भावाच्या. त्येनं मला उठवलं आणि म्हणाला, पंधरा झाल्या की थांबतो आक्का, तुझी आण.

रात्रभर इचार केला आणि सकाळी मालूच्या शेजारी जाऊन बसले. बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बारीक आवाजात बोलले.

"मालू, एकदा हळू फेक."

तिला कळलं. तिचा हात थांबला न्हाय, पर मान वर झाली.

"त्येला पंधरा दे. कुणाला कळायचं न्हाय. गल्ली गोळा करते, हलग्या लावते, आवाजात कोण ऐकतंय? त्येला पंधरा मिळाल्या की तो थांबतोय. मला एकच भाऊ ऱ्हायलाय गं."

"माझ्या हाताला खोटं जमत न्हाय आक्का."

"जमव. आयुष्यात तुझ्याकडं काय मागितलं न्हाय, नुसतं बोलत आले. आता मागतेय."

तिची कांडी संपली, तिनं नवीन घातली. मग म्हणाली, "बघते."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्ली गोळा केली. उपेंद्र मास्तरांना बी बोलावणं धाडलं, त्यांच्यासमोर झालं की कुणी शंका काढायला नको. ते आले, कोपऱ्यात घड्याळ घेऊन उभे ऱ्हायले. हलग्या वाजायला लागल्या. मी मालूच्या शेजारी बसले. मागापासनं समोरच खिडकी हाय, त्यातनं गल्लीचा निम्मा रस्ता दिसतोय. मालू खिडकीकडं बघत हुती आणि तिचा हात चालत हुता. तिकडं फडकं पडलं.

"आता," मी म्हटलं.

खट्ट. खट्ट. तिनं दात आवळले हुते. दोरी धरलेली मूठ पांढरी पडली हुती. हात थांबवायला बघत हुती, मला दिसत हुतं, आणि हात चाललाच हुता. पहिल्यासारखा, रोजच्यासारखा. खट्ट. खट्ट. "मालू," मी म्हटलं, "मालू, थांब की गं." डोळ्यांतनं पाणी येऊन सुतावर पडत हुतं आणि फेक चुकत नव्हती. खिडकीतनं सिद्राम दिसला. तोंड वासून, एक हात म्होरं करून, काय धरायला बघतोय कळंना असा. दाराला शिवला तसा तिथंच आडवा झाला. खोकला, आणि उंबऱ्यावर रगत पडलं.

"बावीस," काका म्हणाले. हलग्या बंद झाल्या.

सिद्राम भिंतीला धरून उठला. "परत पळतो," म्हणाला, आणि देवळाकडं चालायला लागला. त्येला धरायला दोघं गेले तर त्येनं त्यांना ढकललं. एवढी ताकद त्या हाडांत कुठनं आली कुणास ठाऊक.

मी आत मालूवर धावले. तिचा दंड धरून हलवली. "मरतोय तो. तुझा दीर मरतोय आणि तुझा एक हात थांबत न्हाय? कसलं काळीज हाय तुझं? नवरा गेला तवा बी थांबला न्हाय, आता बी थांबत न्हाय."

"थांबवायला बघितलं आक्का," ती म्हणाली. "थांबवून थांबत न्हाय तो. त्या दिवशी बी मी थांबवला नव्हता. आपसूक थांबला."

"कुठल्या दिवशी?"

"ते पळत आले त्या दिवशी. खिडकीतनं दिसले, आणि मी बघत ऱ्हायले. दोरी हातातच ऱ्हायली. किती फेकी चुकल्या मला ठाऊक न्हाय. हलग्यांच्या आवाजात कुणाला कळलं न्हाय. ते दाराला शिवले तवा मला शुद्ध आली."

मी तिचा दंड सोडला. ती उठली, पदर डोक्यावरनं ओढला आणि पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यातनं वर येऊन बाहेर गेली. नवरा गेल्यापासनं चार माणसांत ती कवा उभी ऱ्हायली नव्हती. गल्लीच्या मधे जाऊन उभी ऱ्हायली, जिथनं बाया पोरांना चालू देत नव्हत्या तिथं.

"पंधरा नव्हत्या," ती म्हणाली. "हात माझा थांबलता. मी त्यांच्याकडं बघत बसले हुते. मास्तर खरं बोलत हुते."

काका हळूहळू ओट्यावर बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. चाळीस वर्सं माग ऐकलेला माणूस. मास्तरांनी घड्याळ खिशात घातलं आणि खाली बघत ऱ्हायले, त्यांना जिंकल्याचं काय वाटलं असं दिसलं न्हाय.

सिद्राम निम्म्या वाटेवर थांबला हुता. तिथनं माघारी आला, वैनीच्या समोर उभा ऱ्हायला. "मग," तो म्हणाला, "मग माझ्या म्होरं पळतंय ते कोण?"

मला वाटलं ती म्हणंल कोण न्हाय, तुझ्या मनाचे खेळ हाईत. मी असते तर तेच म्हटलं असतं.

"तेच हाईत," मालू म्हणाली. "त्या दिवशी तुमी मान खाली घालून पळत हुता भावजी, तुमाला दिसलं न्हाय. मी बघितलं. ते निम्म्या वाटेत वळून मागं बघत हुते, हसत हुते, तुमी कुठं ऱ्हायला म्हणून. तुमच्यासाठी हळू झालते. बावीस लागल्या असतील, न्हायतर चोवीस. अजून बी तुमच्यासाठीच मागं बघत घुटमळत्यात. तुमी पळताय तवर त्यांना जाता येत न्हाय. तुमी थांबा, म्हंजे त्यांना जाऊ द्या."

सिद्राम तिच्याकडं बघत ऱ्हायला. मग वळून त्येनं त्या रिकाम्या गल्लीकडं बघितलं, लई येळ. त्येचे ओठ हालले, काय म्हणाला ते मला ऐकू आलं न्हाय. मग गल्लीतच, मातीत बसला आणि ल्हान पोरागत रडायला लागला. त्या माळावरच्या झोपडीत भाऊ गेला तवा सुदीक तो रडला नव्हता. मी जाऊन त्येचं डोकं मांडीवर घेतलं.

त्या दिवसापास्नं तो पळाला न्हाय. खोकला जायला दोन वर्सं लागली, दूध, अंडी, वैद्याची कडू पुडी, सगळं माझ्या हातनं. म्होरला पावसाळा बघितला, त्येच्यानंतरचे बी बघितले. लगीन झालं, दोन पोरं झाली. क्लब म्होरं मास्तरांच्या घड्याळावर मोजायला लागला. जोतिरामचं नाव निघायचं बंद झालं, गुलाल लावलेला माणूस गल्लीनं दोन दिवसांत विसरून टाकला. आणि मालूच्या हाताचं नाव बी गेलं. तिला मागावर बसू नको असं कुणी म्हटलं न्हाय, पर तीच बसंना. माग मी घेतला, माझ्या वाकड्यातिकड्या हातानं, आणि ती माझ्या जागेवर कांड्या भरायला बसली.

एक दिवस दुपारी आमी दोघीच हुतो. गल्ली सामसूम. माझ्या पोटात एक गोष्ट लई दिवस जळत हुती, ती मी काढली.

"एवढे म्हैने त्येला झिजताना, रगत ओकताना बघितलंस. आदीच का बोलली न्हाईस? नवऱ्याचं नाव जाईल म्हणून?"

"नावाचं मला काय करायचं हुतं," ती म्हणाली. "भावजी पळायचे तवा त्यांची पावलं यायची. रोज दुपारी. दारापत्तोर यायची. मी बोलले असते तर भावजी थांबले असते, आणि ती बंद झाली असती."

मला राग यायला पायजे हुता. माझा भाऊ मरणाच्या दारात, आणि ही पावलं ऐकत बसलेली. राग यायला पायजे म्हणून मी तोंड उघडलं, आणि आला न्हाय. मी माग थांबवला.

"मग त्या दिवशी का बोललीस?"

तिनं सूत तोडलं, भरलेली कांडी माझ्या पाटीत टाकली.

"तुमाला एकच भाऊ ऱ्हायला हुता," ती म्हणाली, आणि पुढची कांडी घेतली.